वहिनी आणि वाकड्या शिवणीची पर्स

आमच्या वहिनीला राग येत नाही असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण घरातल्यांच्या वाट्याला तो राग तसा कमीच येतो. तिचा खरा राग असतो बकलांवर. रस्त्याने एखादा गृहस्थ सोनेरी बकलाचा पट्टा आणि रुपेरी कडीची बॅग घेऊन निघाला, की ही फुटपाथवर जागच्या जागी उभी राहते.

"बघितलंत भावजी? वर सोनं, खाली चांदी. मधला माणूस कुठल्या धातूचा?"

"वहिनी, हळू बोल, त्याला ऐकू जाईल."

"जाऊ दे की! घरात आरसा नसेल तर निदान कान तरी उपयोगाला येऊ देत."

आम्ही दोघं एकाच दुकानात कामाला. तीन मजली मोठं दुकान. तळमजल्यावर आत शिरलं की उजवीकडे पर्सचं काउंटर, तिथे वहिनी. डावीकडे घड्याळांचं, तिथे मी. मला तिनेच चिकटवलं. आमच्या गावच्या शाळेत शिकून मला मोठा काटा मिनिटांचा आणि लहान काटा तासांचा एवढं पक्कं ठाऊक होतं, आणि साहेबांना तेवढं पुरलं. मधल्या वाटेवरून गिऱ्हाईक जात-येत असतं आणि त्यापलीकडे मला दिवसभर वहिनी दिसते. म्हणजे पुढे जे सांगतोय ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव काही नाही.

वहिनीला फॅशनचं वेड आहे, असं दादा म्हणतो. वहिनी म्हणते, वेड नाही, डोळे आहेत. कुठल्या ब्रँडमधून कुठला डिझायनर भांडून बाहेर पडला, कोणी कोणाशी हातमिळवणी केली, पुढच्या सीझनला टोकदार बूट परत येणार की चौकोनी, हे तिला घरातल्या गॅसची टाकी कधी संपणार यापेक्षा जास्त माहीत असतं. फॅशनच्या दुनियेत उन्हाळा थंडीत येतो. बाहेर लोक नाक शिंकरत असतात आणि आमच्या शोकेसमध्ये वेताच्या पर्सा लागतात. हे तिला अजिबात विचित्र वाटत नाही. उलट ज्यांना वाटतं त्यांची ती कीव करते.

आणि चुकतेही, बरं का. एक वर्ष तिने छातीठोकपणे सांगितलं होतं की हे रुंद पट्ट्यांचं वर्ष आहे. साहेबांनी पट्टे मागवले. ते रुंद पट्ट्यांचं वर्ष कुठे गेलं कोण जाणे, पण आमच्या दुकानात आलं नाही. ते पट्टे अजून गोदामात अजगरासारखे वेटोळे घालून पडलेत. त्यांचा विषय निघाला की वहिनी म्हणते, "मी बरोबर होते. वर्ष चुकलं."

दोन ब्रँड एकत्र येऊन एखादी वस्तू काढतात त्याला कोलॅबोरेशन म्हणतात. वहिनी त्याला लग्न म्हणते. "जुन्या घराण्याला पैसा असतो पण कोणी विचारत नाही, आणि नवीन पोराला सगळे विचारतात पण पैसा नसतो. मग लावतात दोघांचं. सहा महिन्यांत काडीमोड. पोरं मात्र आम्ही विकायची." अशा शंभर लग्नांपैकी नव्वद ती नावं ठेवून मोडीत काढते. पण एखादं जुळलं, की तिचा आवाजच बदलतो. मग ती पर्स उघडून अस्तर दाखवते. "बघा, आतून कशी आहे. बाहेरचं जगासाठी असतं हो. महाग वस्तूची लायकी कळते ती कोणी बघत नाही त्या बाजूने."

दादा दातांच्या कवळ्या बनवतो. त्याच्या मते ज्या वस्तूशिवाय माणसाला जेवता येत नाही तीच खरी ॲक्सेसरी, बाकी सगळी थेरं. या विषयावर त्यांचं जे चालतं त्यात मी पडत नाही.

तर या वहिनीची एक इच्छा होती. सीझन सुरू व्हायच्या आधी सगळे ब्रँड मिळून एका भल्यामोठ्या हॉलमध्ये पुढचा माल मांडतात. दुकानदार जातात, बघतात, काय घ्यायचं ते ठरवतात. आम्ही त्याला नुसतं निवड म्हणतो. साहेब दरवेळी निवडीला जातात आणि काउंटरवरच्या एकाला सोबत नेतात. ते वहिनीला कधीच नेत नसत, कारण वहिनी "नको" म्हणू शकते. नेत ते अत्तरांच्या काउंटरवरच्या मुलीला. तिच्या नाकाला तोड नाही, पण तिची मान फक्त एकाच दिशेने हलते, वर-खाली. ती ज्या वर्षी गेली त्या वर्षी आमच्याकडे केसाळ पर्सा आल्या. गिऱ्हाइकं हात लावायच्या आधी चावते का विचारायची.

त्यानंतर साहेबांनीच सर्वांसमोर सांगितलं, "या वेळी निवडीला तुम्ही चला."

वहिनी घरी आली आणि अख्खी संध्याकाळ कोणावर रागावली नाही. दादाने घाबरून तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

आता पर्सबद्दल. एका जुन्या चामड्याच्या घराण्याने भिंतीवर चित्रं काढणाऱ्या एका पोराशी मिळून एक पर्स काढली होती. काळं, लोण्यासारखं मऊ चामडं, आणि पुढच्या बाजूने लाल दोऱ्याची एक शिवण. ती वाकडी. थोडीथोडकी नाही, दारू पिऊन घरी निघाल्यासारखी. आमच्याकडे अशी एकच आली. सगळं दुकान हसलं. मीसुद्धा म्हणालो, "वहिनी, ही परत पाठव, कारखान्यात वीज गेली असणार."

वहिनी भडकली. "अहो, मशीनने सरळ कोणीही शिवतं. ही हाताने शिवलीय. चढावर जाताना माणूस कसा दोनदा डावीकडे झुकतो आणि मग स्वतःला सावरतो, तशी आहे ती. नीट बघा तरी!" तिने ती पर्स शोकेसच्या मध्यावर ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकीला ती शिवण समजावून सांगितली. शेवटी एक जाहिरात कंपनी चालवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पर्स नेली. वहिनीला लेक चांगल्या घरी पडल्यासारखं झालं.

निवडीला आठवडा राहिलेला असताना जाहिरातवाल्या बाई पर्स घेऊन परत आल्या. पट्ट्याची कडी सैल झाली होती. वहिनीने चिठ्ठी बांधली, 'कडी बदलणे', आणि पर्स वर पोटमाळ्यावर टाकेकाकांकडे पाठवली.

टाकेकाका म्हणजे आमचे दुरुस्तीवाले. पर्स, पट्टे, पाकिटं, जे उसवतं ते त्यांच्याकडे जातं. त्यांच्या टाक्याला टाका असा लागतो की मुंग्यांनी शिस्त शिकायला यावं. ते मितभाषी आहेत, भले आहेत, आणि फॅशनशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतः खाली आले. एरवी ते वरूनच हाक मारतात. पर्स स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू नातू झाला.

"कडी बदलली," ते म्हणाले. "आणि ते दुसरंही करून टाकलं. त्याचे काही लावू नका बाईंना."

"दुसरं कुठलं?" वहिनीने विचारलं.

काकांनी फडकं बाजूला केलं. पर्सवरची लाल शिवण ओळंब्याने आखल्यासारखी सरळ झाली होती.

मी घड्याळ दाखवत होतो ते गिऱ्हाइकाच्या हातातच राहू दिलं आणि वाट ओलांडून गेलो.

"काका," वहिनी म्हणाली, "हे काय केलंत?"

"उसवली आणि परत घातली. एवढं महाग चामडं आणि काय ती शिवण! कोणीतरी शिकाऊ बसवला असणार. चिठ्ठीत तसं नव्हतं, पण म्हटलं बाई लाजल्या असतील सांगायला."

"अहो, ती तशीच होती! मुद्दाम होती! त्या वाकडेपणाचेच पैसे होते!"

काका आधी हसले. मग त्यांना दिसलं की वहिनी हसत नाही. "वाकडेपणाचे?" ते म्हणाले. "पैसे घेऊन?"

"मुळावर आलात काका माझ्या!" वहिनीचा आवाज तापला आणि दोन बायका स्कार्फ सोडून बघायला लागल्या. "विचारायचं तरी! एक हाक मारायची जिन्यातून! इतकी वर्षं हाका मारताय, नेमकं आज सरप्राइज द्यायचं सुचलं?"

काकांनी पर्स फडक्यात परत गुंडाळली, जशी काही तिला थंडी वाजत होती. "तू चिठ्ठीत लिहायचंस, हात लावू नका म्हणून," ते हळूच म्हणाले.

हे खरं होतं. म्हणूनच वहिनीला आणखी राग आला.

एवढ्यात साहेब आले. त्यांना सगळं सांगावं लागलं. साहेब कधी रागावत नाहीत, ते फक्त हसतात, आणि ते जास्त वाईट. "मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले. "काउंटर तुमचं. बाई संध्याकाळी येतायत. त्या घरी खूश गेल्या पाहिजेत, बस. नाहीतर मला कोणावर तरी ठपका ठेवावा लागेल. टाकेकाकांचं वय झालंच आहे, आणि निवडीला काय, अत्तराची मुलगी तयारच असते." आणि जाता जाता वळून, "झाकली मूठ सव्वा लाखाची, काय?"

वहिनीने त्यांच्या पाठीकडे असं बघितलं की त्यांच्या कोटाची शिवण उसवली नाही हेच नवल.

मग आम्ही तिघं पोटमाळ्यावर गेलो. वहिनीच्या फोनमध्ये त्या पर्सचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो होते. दादाचे तितके नसतील. काकांनी शिवण उसवली, लाल दोऱ्याला मेण लावलं आणि फोटो बघून वाकडं शिवायला बसले. पहिले चार टाके वाकडे पडले. पाचवा जरा कमी वाकडा, सहावा आणखी कमी. आठव्यापर्यंत शिवण आपली सरळ रस्त्याला लागली.

"काका, वाकडं!"

"वाकडंच घालतोय गं."

"कुठे? हे बघा, सरळ चाललंय!"

काकांनी सुई खाली ठेवली आणि स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जणू विचारत होते, हे दुसऱ्याचं कार्टं आपल्याकडे कसं आलं. "नाही जमत," ते म्हणाले. "या हाताला ते वळणच नाही."

वहिनीने सुई ओढून घेतली. इथे मला सांगायला हवं की वहिनीला शिवता येत नाही. एकदा तिने दादाच्या शर्टाचं बटण लावलं होतं, तर बाहीच खिशाला शिवली गेली आणि दादा खांदा पाडून कामाला निघाला. ती शिवायला बसली ती दात-ओठ खात. एका टाक्याला साहेब, दुसऱ्याला कंपनी, तिसऱ्याला तो भिंती रंगवणारा पोरगा. "स्वतः चुका करायच्या आणि त्या विकायच्या, आणि आमच्या म्हाताऱ्याने एक चूक केली तर त्याला घरी बसवायचं! वा रे न्याय!" बोट दोनदा टोचलं. ओरडली नाही, त्या रक्ताचाही राग आला तिला.

शिवण झाली. वाकडी झाली यात वाद नाही.

"वहिनी, हुबेहूब!" मी म्हणालो.

तिने फोटो शेजारी धरला आणि बराच वेळ बघत बसली. "हुबेहूब काय, डोंबल! ती शिवण चालत होती. ही पडलीय. त्याला कुठे वाकायचं ते ठाऊक होतं. मला फक्त शिवता येत नाही." आणि काकांना म्हणाली, "कोणीही ओळखेल हो. आंधळासुद्धा बोट फिरवून सांगेल."

संध्याकाळी जाहिरातवाल्या बाई आल्या. साहेब काउंटरजवळ हसत उभे होतेच. वहिनीने पर्स पुढे केली. बाईंनी कडी ओढून बघितली, पर्स खांद्याला लावली, आरशात पाहिलं.

"मस्त! एकदम नव्यासारखी. थँक यू हं."

झालं. त्या निघाल्या. साहेबांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. काका जिन्यात उभे होते, त्यांनी श्वास सोडला. सगळं निभावलं होतं. आणि मी वहिनीचा चेहरा बघितला आणि मनात म्हटलं, मेलो.

"बाई, एक मिनिट," वहिनी म्हणाली. "जरा नीट बघून घ्या."

"बघितली की."

"शिवण बघितलीत?"

"हो. वाकडी आहे. वाकडीच होती ना?"

"कशी वाकडी होती?"

बाई गोंधळल्या. "कशी म्हणजे? वाकडी ती वाकडी."

"मी तुम्हाला अर्धा तास समजावलं होतं! दोनदा डावीकडे झुकते, मग सावरते. तुम्ही मान डोलावत होता! आता ही बघा. ही कुठे सावरतेय? ही मी शिवलीय! मी! मला साधं बटण लावता येत नाही!"

साहेब खोकले. मग आणखी जोरात खोकले. वहिनीने सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीत नीट लिहिलं नाही म्हणून शिवण उसवली गेली, चूक माझी, काकांनी फक्त हुकमाप्रमाणे काम केलं, ही शिवण खोटी आहे. बोलताना तिचा सूर माफी मागणाऱ्याचा नव्हता. तो हिशोब मागणाऱ्याचा होता.

बाईंचा चेहरा लाल झाला. पण त्या मूर्ख नव्हत्या. त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, ही पर्स मी स्वतः बघत बसायला घेतलीच नव्हती. लोकांनी बघावी म्हणून घेतली होती. आणि लोक बघतात. अजूनही बघतील." मग आवाज चढला. "पण तुम्ही माझी वस्तू बिघडवलीत आणि वर माझीच परीक्षा घेताय? साहेब, यापुढे ह्या बाई मला या काउंटरवर दिसल्या तर मी तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही."

आणि पर्स खांद्याला लावून गेल्या. वाकड्या शिवणीसकट.

साहेब फक्त हसले.

घरी दादाने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? बाई खूश, साहेब खूश, काका वाचले. तू निवडीला गेली असतीस. हातातोंडाशी आलेला घास लाथाडलास!"

"तुला नाही कळायचं."

"का नाही कळायचं? मी बसवलेली कवळी दुसऱ्या कोणाची आहे हे माणसाला कळलं नाही, तर मी त्याला मुद्दाम सांगायला जाईन का?"

"त्याला कळतं रे! पहिल्या घासाला कळतं! म्हणून तू सुखी आहेस!" वहिनी उभीच राहिली होती, हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती. "सगळे हसत होते तेव्हा मी त्या शिवणीसाठी भांडले. मला वाटलं, एक तरी बाई बघतेय. एकीला तरी दिसलं. आणि तिला काहीच दिसलं नव्हतं! माझी गबाळी शिवण आणि ती शिवण, तिला एकच. मग मी काय विकते? पिशव्या? पिशवी भाजीवालासुद्धा देतो, आणि फुकट देतो!"

मी म्हणालो, "वहिनी, निदान काका तरी वाचले."

"काकांसाठी नाही केलं मी ते," ती फाडकन म्हणाली. "उगाच मला देवी करू नका."

दुसऱ्या दिवसापासून वहिनीची रवानगी मागच्या कोपऱ्यात झाली, छत्र्या आणि मोज्यांच्या काउंटरवर. टाकेकाका दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून खाली यायचे आणि एकेक छत्री उघडून तिच्या काड्या तपासत उभे राहायचे. दोघं बोलत नसत. वहिनी गिऱ्हाइकाला मोजे विकायची ते असे, की घेणाऱ्याला वाटावं आपणच काही गुन्हा केलाय. निवडीला साहेब गेले आणि सोबत अत्तरवाली गेली.

त्या दिवशी दुपारी, दुकानात माशा मारत बसलो होतो, तेव्हा वहिनीचा फोन वाजला. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. तिने बघितलं आणि फोन मोज्यांच्या ढिगात पालथा घातला. तो तिथूनही थरथरत राहिला.

"कोण आहे?" मी मागे जाऊन विचारलं.

"साहेब. फोटो पाठवतायत. 'सहज मत हवं होतं' म्हणे. सहज!"

"मग नको पाहूस. निस्तरू देत त्यांचं त्यांना."

"बघतंय कोण!" ती म्हणाली. आम्ही दोघंही त्या ढिगाकडे बघत राहिलो. आणखी एकदा थरथर झाली. वहिनीने फोन उचलला, एक फोटो मोठा केला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली मला स्पष्ट दिसली.

"हे घेणार? हे?" तिने स्क्रीन माझ्या नाकासमोर धरला. हिरवी पर्स होती, तिला पुढे कुत्र्याचं तोंड आणि चेनच्या जागी जीभ. "दोन मोठी घराणी एकत्र येऊन हे काढतात! आणि हे माझ्या काउंटरवर लागणार!"

"तुझं काउंटर आता—"

"भावजी, गप्प बसा."

तिने फोन लावला. पलीकडून साहेबांचं हसू ऐकू येत होतं, आणि मग येईनासं झालं. "हिरवं कुत्रं नको. नाही, निळंही नको, कुत्रंच नको! मागे तपकिरी दिसतेय ना, आखूड बंदांची, ती दाखवा. अस्तर. साहेब, अस्तर दाखवा, आतून! बाहेरून काय बघताय, लग्न ठरवताय का? ...हां. ही घ्या. स्कार्फ पातळ आहेत, सोडा. पट्टे कसे आहेत? रुंद?" ती क्षणभर थांबली. "घ्या. हो, घ्या म्हणते ना! ...नाही, उपकार नाही करत मी तुमच्यावर. माझं नाव कुठे लावू नका. फक्त त्या अत्तरवालीला सांगा, फोन धरताना तरी मान हलवणं थांबव, सगळे फोटो हललेत."